गुणाजीची गोळी आणि धोंडूचं गाऱ्हाणं

"माझो आवाज इतको मोठो की देवळातलो देव सोडा, मालवणच्या बंदरातलो खलाशीसुद्धा मान वर करता!" असं गुणाजी स्वतःच सांगायचा. आणि ते फारसं खोटं नव्हतं. मसुऱ्याजवळच्या त्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालावं तर गुणाजीनेच. वाडीचं म्हणणं तो एकेक वाक्याने खणखणीत मांडायचा, आणि दर वाक्याला सगळी वाडी ओरडायची, "होय म्हाराजा!"

पण ह्या खणखणीत माणसाचं एक दुखणं होतं, आणि ते मात्र देवालासुद्धा मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. लघवीला बसला की बसूनच राहायचा! मालवणच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी दिली होती. मासळी आणायच्या निमित्ताने जाऊन ती गुपचूप आणायची आणि गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीच्या सामानाच्या पेटीत लपवायची. वर्षातून एकदा, गणेशचतुर्थीला, म्हणजे चवथीला उघडणारी पेटी! ह्याहून सुरक्षित जागा कुठली?

फक्त चवथ जवळ आली हे गुणाजी विसरला.

"ह्यो गोळ्यो कसल्यो ओ?" त्याची बायको सुगंधा पेटीपुढे कमरेवर हात ठेवून उभी.

साल होतं २००९. टीव्ही लावा, स्वाईन फ्लू. एसटीत बसा, स्वाईन फ्लू. गुणाजीच्याही तोंडात तेच आलं.

"स्वाईन फ्लू येव नये म्हणान दिल्यान डॉक्टरान. फकत पुरुषांका हां! बायलांनी घेवची नाय. आणि कोणाक सांगू नको!"

एवढं बोलून तो सटासट शिंकला. चार दिवसांत सर्दीने त्याचा आवाज पार बसला, घशातून नुसती हवा येऊ लागली.

"स्वाईन फ्लूची गोळी घेवन सर्दी कशी झाली?" शेजारच्या धोंडूने सुगंधाला विचारलं.

"गोळी घेतल्यानी म्हणान नुसती सर्दी! नायतर काय झाला असता, इचार कर!"

हे धोंडूला पटलं. वाडीलाही पटलं. सुगंधाचा स्वभाव असा, की घरात फणस पिकला तर गरे सात घरी जाणार. दुपारी गुणाजी घोंगडी घेऊन घोरत पडला होता, तेव्हा ती घरोघर फिरली आणि भजनातल्या एकेका बाप्याच्या हातावर एकेक गोळी ठेवून आली. पाण्याबरोबर, प्रेमाने.

संध्याकाळी देवळात भजन रंगलं. मंडळी बराच वेळ मांडी घालून बसली होती. आरतीला सगळे एकदम उठले आणि एकदम खाली बसले! टाळवाला खांबाला मिठी मारून राहिला.

"माझे पाय खंय आसत रे?" धोंडू डोळे मिटून विचारत होता.

"इलो! स्वाईन फ्लू इलो!" कोणीतरी बोंब मारली.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर मास्क लावून धावत आले. गुणाजीही मफलर गुंडाळून पोचला.

"सगळ्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "वाडीत येणं-जाणं बंद!"

"आणि चवथ? गणपती घराक कोण हाडतलो?" बायका रडकुंडीला आल्या.

"आज सगळ्यांनी काय खाल्लं-घेतलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुणाजीची गोळी!" धोंडूने अभिमानाने सांगितलं. "स्वाईन फ्लूची!"

"अशी गोळी मी कुठे बघितली नाही. कसली गोळी आहे, ते कळायला हवं."

सगळ्यांनी गुणाजीकडे बघितलं. सुगंधा तर कौतुकाने बघत होती. गप्प बसावं तर वाडीची चवथ जाते, बोलावं तर आपली अब्रू! शेवटी तो डॉक्टरांच्या कानाशी वाकला आणि त्याने घशात होती नव्हती ती हवा वापरून खरं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तपासलं, दोन-तीन जणांचं प्रेशर बघितलं आणि त्यांना इतकं हायसं वाटलं, की ते मोठ्याने म्हणाले, "अहो, ही प्रोस्टेटची गोळी! लघवी साफ व्हायची! हिचा फ्लूशी काही संबंध नाही. हिने उठताना चक्कर येते. आडवे व्हा, पाणी प्या, हळूहळू उठा!"

बायकांच्या बाजूला पदर तोंडाकडे गेले. गुणाजी त्या हसण्याला तयार होता. पण सुगंधा हसत नव्हती. नवऱ्याचं खोटं आपल्या हाताने घरोघर वाटून आली होती ती. तिची मान खाली गेली, आणि ते बघून गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी माका खरा सांगलात असता," ती हळूच म्हणाली, "तर मी काय गावभर सांगत फिरलंय असतंय?"

गुणाजीने दोन्ही कान पकडले.

संकट टळलं, तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं. गुणाजीने घशाकडे बोट दाखवलं. मग धोंडूने, बसल्या बसल्याच, नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा! आज तुझी लेकरा वाचली, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चुकान दुसऱ्याची गोळी खाल्ली, ती पोटात घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि आमच्या गुणाजीचा जा काय अडाकला आसा, ता मोकळा कर, म्हाराजा!"

आयुष्यभराची सवय! गुणाजीचा घसा नेमका त्याच क्षणी मोकळा झाला, आणि सगळ्या वाडीच्या वरताण त्याचाच खणखणीत आवाज घुमला:

"होय म्हाराजा!"