नसलेल्या हाताची मूठ

चहा, साखर कमी.

निळ्या आकाशात गुलाबी फुगे.

मोशीच्या विमलबाईंचा आखडलेला खांदा.

उजव्या तळहाताला खाज. उजवा तळहात नाही.

ज्योतीरामचा उजवा हात चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनखाली गेला, कळ मात्र मागे राहिली. ती घालवायला तो चिखलीहून या दवाखान्यात आला होता. फिजिओथेरपिस्ट दिव्याने त्याच्या उरलेल्या दंडाला सेन्सरचा पट्टा बांधला आणि डोळ्यांवर जाड चष्मा चढवला.

"दादा, हे आभासी आहे. म्हणजे दिसतं, पण नसतं."

"माझ्या हाताचं उलटं हाय मॅडम. नाही, पण दुखायलाय."

चष्म्यात दोन हात दिसले. उजवा जरा जास्तच गोरा होता, पण ज्योतीरामने तक्रार केली नाही. त्याने बोटं हलवायची म्हटली, ती हलली. अपघातानंतर पहिल्यांदाच कळ थांबली.

"घे राव, चहा," सोबत आलेला पिंटू म्हणाला. कंपनीतल्या सवयीने ज्योतीरामने उजवा पुढे केला, मूठ मिटली. कंपनीतल्याच सवयीने पिंटूने ग्लास सोडला.

चहा पट्ट्यावर सांडला. पट्टा बंद पडला. चष्म्यातली मूठ मिटलेलीच राहिली.

"मॅडम, नखं रुतायलीत! उघडा!"

"पट्टा गेला, दादा. दुसरा नाहीये."

"चष्माच काढ की भावा!" पिंटू म्हणाला.

चष्मा काढला. हात गेला, मूठ राहिली. ज्योतीरामने ओरडतच चष्मा पुन्हा चढवला.

शेजारच्या खुर्चीत विमलबाई दुसऱ्या चष्म्यात फुगे फोडत होत्या. दिव्याला स्वतः आत जाऊन मूठ उघडायची तर हातांची मापं घ्यायलाच अर्धा तास लागला असता. त्यांची घेऊन झाली होती. दिव्याने त्यांना ज्योतीरामच्या चष्म्यातल्या आकाशात आणून सोडलं.

"मावशी, समोरची मूठ उघडा."

"परक्या पुरुषाचा हात धरू व्हय?"

"तो हात नाहीच आहे, मावशी."

"मग उघडू काय?"

कोपऱ्यातून त्यांचे मालक साहेबराव म्हणाले, "अगं धर की! नसल्याल्या हाताला कसली लाजतीस?"

"तुमी गप ऱ्हावा. तुमचा धरला, त्येच लई झालं."

ज्योतीराम कळवळला. "माय, तुमच्या लेकासारखा हाय मी. लई दुखायलंय."

विमलबाईंचा आखडलेला हात हवेत हळूहळू वर आला.

"कंचं बोट आदी?"

"करंगळी."

त्या एकेक बोट सोडवत गेल्या. बोटागणिक ज्योतीरामचा श्वास मोकळा होत गेला. पिंटू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"अंगठ्याला जरा हळू, माय."

"हळूच करतीया, लेकरा." अंगठा सुटला. विमलबाईंनी तळहात निरखला. "काय बी न्हाई रं हितं."

"ठावं हाय, माय."

अपघाताच्या दिवशी चाकणहून खरा हात बर्फात घालून आणला होता, तेव्हा त्याची बोटं उघडी होती.