सेलमधल्या टीव्हीचा मान

सुदामला आजवर कुणी फसवलं नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं होतं, आणि वेवजी गावात दुसरं कुणी या विषयावर तोंड उघडायच्या आत तोच बोलून मोकळा व्हायचा! म्हणूनच टीव्ही घ्यायचं ठरल्यावर त्याने सगळ्या पाड्याला आधीच सांगून टाकलं, "टीव्ही कसा घेतात ते आता बघाच!"

कारणही तसंच होतं. त्याची लेक रुचिका तलासरीला वसतिगृहात राहून शिकायची आणि कबड्डी खेळायची. खेळता खेळता पोरगी राज्याच्या फायनलला पोचली. सामना नाशिकला होता आणि यूट्यूबवर थेट दिसणार होता. पाड्यात सगळ्यांकडे मोबाइल, म्हणजे सगळ्यांची सोय झाली. प्रश्न होता तो हिराबाईचा, म्हणजे सुदामच्या आईचा. रुचिकाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं, पण गुडघ्यांमुळे तिला मैदानापर्यंत जाववत नव्हतं आणि मोतीबिंदूमुळे मोबाइलवरचं दिसत नव्हतं. नातीचा खेळ तिने एकदाही पाहिला नव्हता. मागचा सामना तिच्या डोळ्यांसमोर धरला, तर म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ह्या तं मुंग्या हायत रं. यातली माझी कोनची?"

ते सुदामच्या फार जिव्हारी लागलं. घरातल्या जुन्या डब्बा टीव्हीला यूट्यूब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "आये, फायनलला तुना रुचिका एवढी दाखवतो!" असं म्हणून त्याने दोन्ही हात पसरले, आणि हात जेवढे पसरले तेवढ्या मापाचा टीव्ही शोधायला लागला.

त्याचा मेहुणा लाहू सरावलीचा. तो म्हणाला, "भाऊजी, डहाणूत आपल्या ओळखीचं दुकान आहे. थोडे जास्त जातील, पण माणूस घरी येऊन लावून देईल."

"तुझ्या दुकानदाराची दिवाळी मी कशाला करू?" सुदाम म्हणाला. "मी अभ्यास केलाय!"

अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. त्यात एक टोपीवाला होता. तो सारखा बजावायचा, सेलमधला स्वस्त टीव्ही घेऊ नका. सुदामने त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले, काही तर पुन्हा पुन्हा पाहिले, कशासाठी? तर त्याच्या चुका काढायला! "याला काय कळतंय!" असं म्हणत म्हणत तो पुढचा लावायचा.

सीमेपलीकडे, गुजरातच्या हद्दीत, एका मोठ्या सुपरमार्केटात सेल लागला होता. तिथे तूरडाळ आणि साबणाच्या मधोमध टीव्हीची भिंत होती. सुदामच्या हातांच्या मापाचा एक टीव्ही चक्क अर्ध्या किमतीत! कंपनीचं नाव बाकी असं, की कितीदा वाचलं तरी जिभेवर बसेना. विकणारा पोरगा म्हणाला, "लई जाव ने काका, एकदम सरस छे!" आणि रिमोटने सगळं फटाफट चालवून दाखवलं. फक्त हा एकच पीस उरला होता, तोही भिंतीवर मांडलेला, आणि त्याचा खोका सापडत नव्हता.

सुदामने तो गोधडीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर उभा धरून आणला. नव्या नवरीलाही इतकं जपून कुणी आणलं नसेल. घरी आल्यावर त्याने सांगितलं, "खोका मीच टाकून दिला. उगाच ओझं!"

सामना दुपारी होता. सकाळपासूनच घराची ओटी माणसांनी भरायला लागली. पण टीव्ही चालू करायच्या आधी हिराबाई उठली. नवी वस्तू घरात आली, की तिला मान द्यायचा हा तिचा नेम. मोटारसायकल, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांनी तिच्या हातचं कुंकू लावून घेतलं होतं. गॅसचा सिलिंडर तर दर वेळी लावून घ्यायचा! तिने नारळ फोडला, खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि टीव्हीवरून हात फिरवला. खाली, बरोब्बर मधोमध, तिच्या बोटाला एक इवलासा गुळगुळीत उंचवटा लागला.

"अगो, याला तं कपाळ पन ठेवलाय!" हिराबाई खूश झाली. त्या कपाळावर तिने चांगला जाड टिळा लावला, वर तांदूळ चिकटवले. सगळ्यांनी हात जोडले. सुदामने मागचं बटण दाबलं.

पडद्यावर मासे आले. निळे, पिवळे, केवढाले! "आहाहा!" ओटी म्हणाली. मग धबधबा आला, मग कापलेलं कलिंगड आलं, आणि मग एक बाई आली आणि आजच घ्या म्हणून गुजरातीत कडाडली, "आजे ज खरीदो! ऑफर पूरी थाय ते पहेलां!"

सुदामने ऐटीत रिमोट दाबला. पुन्हा मासे. पुन्हा दाबला. धबधबा.

"अहो, रुचिका कुठाय?" त्याची बायको संगिता म्हणाली.

"येतेय, येतेय! गरम होऊ दे त्याला!"

टीव्ही गरम झाला. सुदाम त्याहून गरम झाला. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून रिमोटमध्ये घातले, घड्याळ बंद पडलं आणि मासे चालूच. रिमोट मांडीवर आपटला, पायावर घासला, चुलीशी शेकला. शेजारचा मनिष मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याने रिमोट कानाशी धरून हलवला आणि निदान केलं, "काका, याचा कार्बोरेटर गेलाय."

"आजे ज खरीदो!" बाई म्हणाली.

लाहू इतका वेळ खांबाला टेकून मजा बघत होता. आता त्याच्याने राहवेना. "भाऊजी, हा तुमच्या घरी आलेलाच नाही. हा अजून दुकानातच आहे!"

ओटी हसली. सुदामने दुकानात फोन लावला. पोरगा म्हणाला, "काका, डिस्प्लेवाला पीस वापस नहीं होता."

"डिस्प्लेवाला?" संगिताने नेमकं ऐकलं. "आणि खोका तुम्ही टाकून दिला होता ना?"

सुदामला एकाएकी मासे फार आवडायला लागले. तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

तेवढ्यात मनिष मोबाइलकडे बघून ओरडला, "मॅच सुरू झाली! रुचिकाच रेडला गेली!" सगळे टीव्हीकडे पाठ करून मोबाइलभोवती गोळा झाले. "घेतली! एक घेतली! अरे पळ, पळ!" ओटीवर नुसता गोंधळ. हिराबाई एकटीच नव्या टीव्हीसमोर बसून राहिली. पडद्यावर कलिंगड कापलं जात होतं.

"आये, मोबाइलवर बघतेस?" सुदामने विचारलं.

"नको. तुमी बघा." ती म्हणाली. "मी कान देते. ती वरडली तं मना कळंल."

सुदामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे हसले त्याचं काही नव्हतं. पण हात पसरून म्हातारीला शब्द दिला होता, आणि तिच्या पदरात काय, तर कलिंगड! सामना संपत आला तरी तो टीव्हीसमोर उभा राहून वेड्यासारखा रिमोट दाबत राहिला.

"आजे ज खरीदो!" बाई पुन्हा कडाडली.

आणि हिराबाईचा बांध फुटला! गुडघ्यांवर हात देत ती उठली. "मेल्या! देव समजून तुना कुंकू लावला! माझी पोर दाखवाया नाय आनि माझ्याच घरात वरडतोस? तुना कशाला मान?" असं म्हणत तिने पदर घेतला आणि खसाखसा टिळा पुसून काढला. तांदूळ घरभर उडाले. बोटाला थुंकी लावून उरलंसुरलं कुंकूही तिने घासून काढलं, नावालाही ठेवलं नाही.

सुदाम रिमोट दाबतच होता. मासे गेले! बाई गेली! पडद्यावर यूट्यूबसकट सगळी चित्रं ओळीने उभी राहिली.

"घाबरला! आयेला घाबरला!" ओटी ओरडली. मनिषने सुदामच्याच मोबाइलचं नेट जोडलं, सुदामचंच यूट्यूबचं खातं घातलं, आवाज पार शेवटपर्यंत चढवला, आणि भिंतभर कबड्डीचं मैदान उघडलं.

रुचिका शेवटच्या रेडला निघाली होती. हिराबाई पडद्याला नाक लावून उभी राहिली, आणि तिला कुणी बाजूला हो म्हटलं नाही. रुचिकाने उजवीकडे हूल दिली, डावीकडे एकीला पाय लावला, तिघी तिच्यावर पडल्या, आणि त्या तिघींना ओढत ओढत तिची बोटं रेषेवर पोचली. जिंकली! ओटीवर एकच कल्ला. सुदाम रडत होता आणि घाम पुसतोय असं दाखवत होता.

हिराबाईने पडद्यावरच्या रुचिकाच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळली रं! तिकडं जेवाया देत नाय काय?"

मग ती लगबगीने आत गेली. एवढा गुणाचा टीव्ही, आणि आपण रागाच्या भरात त्याचं कुंकू पुसलं! तिने नवं कुंकू कालवलं, पहिल्याहून दुप्पट, आणि त्याच कपाळावर थापलं. "चुकला माझा," ती टीव्हीला म्हणाली.

सामना संपला होता. पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. टोपीवाला! आवाज अजून शेवटपर्यंत चढलेलाच. "मित्रांनो! सुपरमार्केटच्या सेलमधला टीव्ही कोण घेतो? ज्याला वाटतं, की आपल्याला कुणी फसवू शकत नाही, तो!"

सुदामने रिमोट दाबला. टोपीवाला बोलतच राहिला. त्याने पुन्हा दाबला, आणि मग त्याची नजर टिळ्यावर गेली, रिमोटवर गेली, पुन्हा टिळ्यावर गेली. ते कपाळ नव्हतंच, रिमोटचा इशारा घेणारा डोळा होता! सकाळपासूनचा सगळा घोळ त्याच्या डोक्यात लख्ख उजाडला! पण आईने एवढ्या मायेने लावलेलं कुंकू आता पुसायचं कुणी? तो प्लगकडे धावला. लाहूने त्याला वाटेतच धरलं.

"बसा ना भाऊजी," लाहू मांडी घालत म्हणाला. "मला ऐकायचंय!"

"खोका नसेल, तर तो भिंतीवरचा पीस!" टोपीवाला गरजला. "दुकानदाराने टाकून दिलेला! आणि घरी जाऊन हे सांगतात, खोका मीच फेकला!"

सगळी ओटी सुदामकडे वळली. हिराबाईने मात्र टीव्हीला भक्तिभावाने हात जोडले.

"बघ सुदाम," ती म्हणाली, "कुंकू लावल्याबरोबर कसा खरा बोलाया लागला!"