सारजाबाईचा हात आणि रामहरीचं मरण

"महिनाभर तुला तवा दिसणार न्हाय. मी बगतो समदं," असं रामहरीनं छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच सारजाबाईनं सावध व्हायला हवं होतं. तीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं स्वतःचा चहासुद्धा कधी गाळला नव्हता.

पण तिचाही नाइलाज होता. सोलापुरातल्या दोन खानावळींना ती रोज शंभरावर भाकरी थापून द्यायची. थापून थापून उजव्या हाताची बोटं बधिर झाली, मुंग्यांनी झोप उडाली, अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला. वर्षभर रामहरीचं एकच, "बाम लाव की." शेवटी डॉक्टर म्हणाले, मनगटात नस पार दबलीय, ऑपरेशन करून मोकळी करू. पण महिनाभर पिठाला हात लावलात तर हा हात गेला म्हणून समजा.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं फर्मान काढलं, अंगावर काही ठेवायचं नाही. मंगळसूत्र रामहरीच्या खिशात गेलं. कुंकू धुतलं. बांगड्या सुजलेल्या हातातून निघेनात.

"मावशी, फोडते हं."

"फोडते काय म्हणतीस? वाढवते म्हण. आणि डाव्या हातानं काय केलंय तुझं?"

"नियम आहे, मावशी."

दोन्ही हात भुंडे झाले. ऑपरेशन उरकलं आणि तिला बाहेर बाकावर बसवलं, तर नवरा गायब. तो कँटीनमध्ये भज्यांची दुसरी प्लेट खात होता. दोघांचे फोन त्याच्याच खिशात, तेही बंद. हाताची आग आणि नवऱ्यावरचा संताप, दोन्ही मिळून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बँडेजचा हात पदराखाली होता. दिसत होता तो भुंडा डावा हात आणि पांढरं कपाळ.

नेमकी तेव्हाच तिच्या माहेरची, मंद्रूपची निंगव्वा तिथून चालली होती. तिनं पाहिलं आणि ती चटका बसल्यासारखी मागं फिरली. अशा वेळी बाईला काही विचारू नये, एवढी समज तिला होती. लगेच गावभर फोन करू नये, एवढी नव्हती.

दुपारी घरी आल्याआल्या रामहरी खाटेवर टेकला. "मग जेवायचं कसं?"

"तुमी बगणार होता की."

"सैपाकाला बाई सांगायची राहिलीच गं. तू डाव्या हातानं दोनच टाकतीस का?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय करावं? रागारागानं ती पिठाच्या डब्यापाशी गेली. झाकणाला हात लावते न लावते, तोच गल्लीत हंबरडा उठला.

टेम्पोभर माणसं उतरली होती. पुढं तिचा भाऊ सयाजी, हातात हार. मागं नणंद ऊर बडवत. रामहरीनं बनियनवर दार उघडलं. सयाजी दोन पायऱ्या मागं सरला. नणंदेचा हात छातीपाशी थांबला आणि तोच हात फिरून रामहरीच्या पाठीत बसला.

"मेल्या, जिता हाईस व्हय?"

"मला मारलं कुणी?" रामहरी भडकला. ज्याला त्याला धरून विचारू लागला. शेवटी त्याची नजर हाराकडं गेली. "आन् माझ्यासाठी एवढासाच हार?"

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून बायकांनी घराघरातून भाकरी-पिठलं गोळा करून आणलं होतं. टोपल्या स्वयंपाकघरात टेकवताना नणंदेला बँडेज दिसलं. "ह्ये काय गं?"

दिवसभरात हाताची चौकशी करणारं हे पहिलं माणूस. सारजाबाईला भरून आलं. तिनं सगळं सांगितलं. नणंदेनं तिला पाटावर बसवलं आणि घास भरवला. भाकरी जाड होती, मध्ये कच्चीही होती. एरवी तिनं नाव ठेवल्याशिवाय सोडलं नसतं. त्या दिवशी ती मुकाट खात राहिली. उरलेल्या भाकरी बायकांनीच कडक वाळवल्या आणि त्या महिनाभर पुरल्या. उजवा हात सुधारला, बोटांना सुई टोचलेली कळायला लागली.

दोन महिन्यांत डाव्या हातालाही मुंग्या सुरू झाल्या आणि त्याचीही ऑपरेशनची पाळी आली. नर्स पुढं झाली तसा रामहरी मध्ये पडला. "बाई, ह्या टायमाला बांगड्या राहू द्या. मागं मला लई ताप झाला."

नर्सनं सारजाबाईकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"काढ गं बाई," ती म्हणाली. "कुंकू पण नीट पूस. मागच्या बारीला पिठलं जरा कमी पडलं."