सुभेदारांची दाढ

अंजनानं मेढ्याला माहेरी येऊन पिशवी खाली ठेवली. "आबा, मला तितं लय—" एवढंच ती म्हणाली आणि सुभेदार मानसिंगरावांना सगळं समजलं. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून त्यांना सगळंच असं समजत असे. समोरच्यानं तोंड उघडलं की यांचा हुकूम सुटलाच.

"समजलं! सासू छळती."

"आवं आबा, न्हाई—"

"भ्यायचं न्हाई! बाप जित्ता हाय तुझा."

"तिला बोलू तर द्या," परातीत पीठ मळता मळता शालूबाई म्हणाल्या. पण नवऱ्याच्या डोक्यावर तोवर टोपी चढली होती.

सुभेदार एस.टी.नं थेट कुपवाडला गेले आणि विहीणबाईंची, म्हणजे धोंडुबाईंची, दारातच परेड घेतली. ही बाई सुनेला पोटच्या पोरीसारखी जपणारी. "पर झालंय काय, पाव्हणं?" तिनं विचारलं.

"समजलं! कबूल करायचं न्हाई तर!" असं म्हणून सुभेदार पुढ्यातला चहा तसाच टाकून निघाले. आता विहिणीच्या घरचा चहा टाकून उठणं म्हणजे आमच्याकडं सोयरीक मोडल्यासारखंच की हो!

एवढे दातओठ खाल्ले, त्याचा हिशेब दाढेनं चुकता केला. घरी येईतो ती ठणकायला लागली. दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी शालूबाईंनी त्यांना साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी दाढ उपटून कापसाचा बोळा दाबून बसवला. "हा घट्ट धरा, तोंड उघडू नका. आणि हे बघा—"

समजलं, अशी हातानं खूण करून सुभेदार बाहेर. राहिलेलं शालूबाईंनी ऐकून घेतलं.

घरी येऊन पाहतात तर ओट्यावर धोंडुबाई, आणि शेजारी अंजनाची ट्रंक.

"ही घ्या तुमच्या लेकीची ट्रंक. ठिवा तिला हितंच! मी छळती न्हवं?"

आत अंजनानं पदर तोंडात कोंबला. तिचा उभा संसार त्या ट्रंकेत भरून आला होता. सुभेदार गरजणार, एवढ्यात शालूबाई ओरडल्या, "अंहं! बोळा! रगात यील!"

सुभेदार मुकाट्यानं बसले.

मग धोंडुबाई बोलू लागल्या. सुनेच्या डोक्याला लावलेलं तेल निघालं, दारात झालेली शोभा निघाली, टाकलेला चहा निघाला. पण भांडायला आलेल्या माणसाला समोरून उत्तरच येईना, तर राग टिकणार किती? आवाज खाली आला. "पोरगी कशापायी आली, येवढं तरी मला कुनी सांगा."

उत्तर सुभेदारांच्या जिभेवर होतं, पण पुढं बोळा होता. तेव्हा कुठं त्यांनी लेकीकडं नीट पाहिलं.

"आत्ती, तुमचं न्हाई वं काय," अंजना म्हणाली. "ह्यास्नी रातपाळी. दिसभर त्या येका खोलीत झोपत्यात. भांडं वाजवायचं न्हाई, बोलायचं न्हाई. मोठ्यांदा हासून बी लय दिस झालं. चार दिस पोटभर बोलावं म्हनून आले, तर हितं आबा..."

सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढ दुखत असेल म्हणावं, तर ती साताऱ्यातच राहिली होती.

"आगं माजे बाई!" धोंडुबाई उठल्याच. "मी बी तोंड दाबूनच बसती की! मला वाटलं, तूच रुसलीयास!"

मग दोघी ज्या सुटल्या त्या थांबेचनात. अंजनाचा नवरा नाथाजी झोपला की खोलीला कडी घालून शेजारच्या झाडाखाली निवडण-टिपण घेऊन बसायचं, असं ठरलं आणि दुपारच्या गाडीला ट्रंकेसकट दोघी निघाल्या. जाताना धोंडुबाई म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्यावानी ऐकून घेनारा मानूस न्हाई बगितला!"

गाडी गेल्यावर सुभेदारांनी खुणेनं विचारलं, बोळा कधी काढू?

"कवाच काढायचा हुता," शालूबाई म्हणाल्या. "डाक्तर अर्दाच तास म्हनले हुते."

सुभेदारांनी बोळा थुंकला आणि छातीत दम भरला.

"थांबा." शालूबाई पाट ओढून समोर बसल्या. "रागवायचं ते मागनं रागवा. लगीन झाल्यापास्नं मला बी कायतरी सांगायचं ऱ्हायलंय."

भरलेला दम सुभेदारांनी हळूहळू सोडला.

"बोल," ते म्हणाले, आणि बोळा नसताना तोंड मिटून बसले.