वेल्ह्याच्या स्टँडवर कानटोपी

मार्च महिना, वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर पत्र्याखाली माणसं घामाने निथळतायत आणि सखारामआबा लोकरीची कानटोपी घालून बसलेत. हे पहिल्यांदा बघणारा माणूस बाकावर हळूच लांब सरकतो. मीही सरकलो होतो.

"आबा, ताप आलाय का?"

"मला कशानं यील? बरफ पडतुया तिकडं. लई." असं म्हणून त्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

तिकडं म्हणजे कॅनडात. आबांची लेक मनीषा तिथे नर्स आहे, बर्फातून गाडी चालवत दवाखान्यात जाते. आपली संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. साडेपाचच्या सुमाराला ती कामावर पोचली की फोन करते. आबांच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही, म्हणून ते रोज तासभर चालत डोंगर उतरून स्टँडवर येतात. मी कचेरीतून सुटून एसटीची वाट बघत असतो, ते मनीषाची. फोन येईपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत.

आबांनी बर्फ पाहिलाय तो सरबताच्या गाडीवर. पण सल्ला द्यायला त्यांचं काही अडत नाही. "चिखल काय आन बरफ काय, घसरायची रीत येकच!" पावसाळ्यात वस्तीच्या चढावर पाय ठरत नाही, तेव्हा सगळे भाताचं तूस पसरतात. म्हणून आबांनी कॅनडाला निघालेल्या एका पाहुण्याच्या गळ्यात पोतंभर तूस मारलं. ते नसरापूरजवळच्या एका गोठ्यात उतरलं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मग राखेचा सल्ला निघाला. तिथे चूल नसते म्हटल्यावर ते माझ्यावरच उखडले, "मंग शेकत्यात कशावर?"

फोनवर मात्र भलताच रुबाब. "म्या घरीच हाय. वस्तीवर टावर झालाय आता. मला कसली आलीया काळजी!" असं धडधडीत खोटं, तेही स्टँडच्या बाकावरून.

एक दिवस फोन आलाच नाही. वादळ येणार, असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. सहा वाजले. माझी एसटी लागली, पण मला चढवेना. इतके दिवस या माणसाला मनातल्या मनात हसलो, त्याची लाज वाटत होती.

"आबा, दवाखान्याने सुट्टी दिली असेल."

"आजारी मानसं सुट्टी घेत्यात व्हय?" मग खाली बघत, "वादळात कामावर जाऊ का म्हनून इचारत हुती. म्याच म्हनलं, जा." आणि त्यांनी कानटोपी डोळ्यांवर ओढली.

पावणेसातला मोबाईल वाजला. घाईत त्यांना बटण सापडेना, शेवटी मीच दाबलं. मोबाईलचा आवाज कायम मोठा, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"आबा, पोचले. गाडी बर्फात रुतली होती, लोकांनी ढकलून काढली. मला काही झालं न्हाई."

"बरं," आबांनी डोळे पुसत, अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. "म्या घरीच हाय. जेवायलाच बसत हुतो."

नेमका तेव्हाच मागे एसटीचा हॉर्न वाजला आणि कंडक्टर ओरडला, "चला, नसरापूर, नसरापूर!"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती एसटी मीच बोलावली होती.

"आबा, रोज ऐकू येतंय मला स्टँड," मनीषा म्हणाली. "तुमी तितं वाट बघत बसलाय ह्ये ठाऊक असतं, म्हनून तर मी गाडी सावकास चालवते."