दाबकेकाकांचं तारतम्य

सिग्नल नसलेल्या फोर-वे स्टॉपच्या चौकात गाडीत दाबकेकाकांच्या शेजारी बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. जो आधी आला तो आधी जाणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काका मात्र विचारात पडतात. समोरच्या बाईंच्या गाडीत तान्हं मूल आहे, डावीकडचा कामावर निघालाय, आपण काय, कोथिंबीर आणायला चाललोय. मग न्याय्य काय? ते सगळ्यांना हातानं 'जा, जा' करतात, सगळे त्यांना 'तुम्ही जा' करतात आणि मागे हॉर्न सुरू होतात. मी लाजेनं सीटवरून खाली घसरत जातो. आमचं ओहायोतलं डब्लिन लहान गाव, माझं निम्मं ऑफिस त्याच चौकातून जातं.

काका आमचे शेजारी. इन्शुरन्समधून रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. काका लायब्ररीतल्या ग्रीक नीतिशास्त्राच्या वर्गाला जाऊन बसले, ते मनानं अजून तिथेच आहेत.

"अरे, त्या लोकांनी शहाणपण दोन प्रकारचं मानलं. एक ग्रहताऱ्यांचं, जे बदलत नाही त्याचं. दुसरं रोजचं. कुठे, कधी, कुणाशी, किती. फ्रोनेसिस."

"म्हणजे तारतम्य," माझी बायको म्हणाली.

काका बेहद्द खूश झाले आणि तारतम्य आमच्या मानगुटीवर बसलं. आमच्या घरी जेवायला आलेल्या माझ्या मॅनेजरनं एक जोक केला, तर काकांनी त्याला शांतपणे इंग्रजीत समजावलं की विनोदालाही सुवर्णमध्य असतो आणि तुम्ही विदूषकाकडे झुकलात. तो गेल्यावर मी काकांना गाठलं.

"काका, थोडी लाज बाळगा की."

"लाज तरुणांना शोभते. म्हाताऱ्यानं लाज वाटेल असं मुळात करायचंच नसतं. ग्रीकांचंच म्हणणं आहे."

मग मंडळाचा गणपती आला. काकांची एकुलती एक मुलगी मृणाल, इथेच वाढलेली, क्लीव्हलंडला डॉक्टर आहे. काकू गेल्यापासून काकांना घरचं माणूस असं तीच. त्या वर्षी तिचा घटस्फोट झाला होता, तरी बाबांसाठी आली. जेवणाच्या रांगेत एका बाईंनी काकांना विचारलं, "जावई दिसत नाहीत?"

खरेपणावर तासभर बोलणारे काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "कॉन्फरन्सला गेलेत. मजेत आहेत."

मृणाल त्यांच्या मागेच उभी होती. तिनं वाढलेलं ताट टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली. मी वरणाचा डाव धरून उभा होतो. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती फोन उचलेना. काकांचा वर्ग सुटला, बोलणंही आटलं. एका शनिवारी सकाळी ते आमच्या दारात आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"क्लीव्हलंडला येतोस? गाडी तू चालव. माझे हात थरथरतात."

वाटेत ते एकच वाक्य घोटत होते. "मृणाल, मला तुझी लाज वाटली नव्हती, मी नुसता गोंधळलो होतो. बरोबर वाटतं ना रे?"

"छान आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही. काकांनी घसा खाकरला.

"मृणाल, मला तुझी लाज..." ते थांबले. मी मागून हळूच "वाटली नव्हती" असं सुचवणार होतो.

"वाटली होती," काका म्हणाले. "खरं सांगतो, वाटली होती गं. तुझ्याजवळ उभं राहायचं सोडून मी त्या बाईंना घाबरलो. आता माझीच वाटते."

दार लागलं. काका खाली मान घालून उभे राहिले. मी जिन्याकडे बघत होतो. आतून साखळी सरकल्याचा आवाज आला.

"कम इन, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "शूज काढा."

काका खाली वाकले, पण त्यांना लेस सुटेना. मग तीच खाली बसली.