राम राम न घेणारा सदरा

म्हशीची धार काढून चिमाजीने खाकी सदरा दाराआडच्या खुंटीला अडकवला आणि तो आंघोळीला गेला. परत आला तेव्हा खुंटी होती, सदरा नव्हता. बाजेवर मात्र पांढराशुभ्र शर्ट आणि पांढरी पँट, दोन्ही कडक इस्त्री केलेली, पाहुण्यासारखी बसली होती.

"सदरा कुठाय?"

"भिजत घातलाय," अंबूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

"आज?"

"मग कवा? पावनी घर बघाया येनार, तुमी दारात त्या अवतारात हुबं. गडी समजून म्हसरांचं इचारतील तुमाला. घाला ती कापडं."

 चिमाजी मुळातच कमी बोलायचा, आणि जे बोलायचं ते मनात दोनदा घोळवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. शिवाय बायकोचं आज बरोबरही होतं. स्वप्नाली, त्याची एकुलती एक लेक, भोरला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. सात स्थळांना तिने नाही म्हटलं होतं. आठवं विंझरचं. मुलगा इंद्रजित, वडील रखमाजी, रस्त्याला लागून पत्र्याचं आणि खिळ्यामोळ्याचं दुकान. ह्या वेळी मुलगी बघून झाली, पसंती झाली, आणि स्वप्नालीने स्वतःहून होकार दिला. आज फक्त घर बघायचं राहिलं होतं. काल रात्री ती बापाजवळ येऊन बसली आणि म्हणाली होती, "नाना, ह्या वेळी काही गडबड नको हां." एवढंच. पण चिमाजीला त्यानंतर नीट झोप लागली नव्हती.

तो सदरा म्हणजे साधा सदरा नव्हता. चौदा वर्षांपूर्वी भोरच्या बाजारात एक जाड खाकी कापड त्याने हाताने चोळून बघितलं आणि सावळाराम शिंप्याकडे नेलं. सावळाराम म्हणाला, "नाना, ह्याचा सदरा करायचा का तंबू?" शिवताना दोन सुया मोडल्या. वर दोन खिसे, खाली दोन, आणि आतून छातीपाशी एक चोरखिसा. पहिली दोन वर्षं त्या सदऱ्यानेच चिमाजीला घातलं; पुढे तो मऊ पडत गेला आणि मग चिमाजी त्याला घालू लागला. भातलावणीला तोच, रानात लाकडाला तोच, वेल्ह्याच्या बँकेत तोच, दुपारी ओटीवर लवंडायला तोच. उन्हाळ्यात घाम पिऊन घ्यायचा, थंडीत घोंगडीची आठवण येऊ द्यायचा नाही. खिशांत तार, सुतळी, पक्कड, बियाण्याची पुडी, चष्मा असा सगळा संसार असे. स्वप्नाली दर दिवाळीला नवा शर्ट आणायची. चिमाजी तो कौतुकाने हातात घ्यायचा, वास घ्यायचा आणि ट्रंकेत ठेवून द्यायचा.

अंबूबाईने त्या सदऱ्यापासून सुटका करून घ्यायचे प्रयत्न केले नव्हते असं नाही. एकदा बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. बोहारीण वळणापर्यंत जाऊन परत आली. "बाई, तुमचा डबा द्या माघारी. जुनं कापाड फाटाया तर पायजे. ह्ये फाटतच न्हाई." दुसऱ्यांदा गोधडीत घालायला काढला, तर सुई आत जाईना.

चिमाजीने पांढरे कपडे घातले. कॉलर मानेला सुरीसारखी लागत होती. बाहेर आला तर त्याचा स्वतःचा कुत्रा दोन पावलं मागे सरून भुंकला. पाणी दाखवायला गेला तर म्हशीने नाकपुड्या फुगवल्या आणि तोंड फिरवलं. ओटीवर टेकणार एवढ्यात आतून आवाज आला, "बसू नका. इस्त्री मोडंल."

मग तो उभाच राहिला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, कारण ह्या शर्टाला एकच खिसा होता आणि तोही पेनाएवढा.

अकराच्या सुमाराला शेजारचे हैबतीआबा काठी आपटत अंगणात आले. ऐंशीचं वय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला त्यांनी अदबीने नमस्कार केला आणि थेट दारात जाऊन ओरडले, "अंबू, तुझ्या दादल्याला लई गर्व झालाय."

"काय झालं, आबा?"

"लेकीचं लगीन ठरलं न्हाई तवर ही मिजास? जाताना राम राम घातला, येताना घातला. हुबा हाय आपला खाचरात ताठ. मान बी हलवली न्हाई त्यानं. त्याला म्या खांद्यावर खेळवलाय."

"आबा, म्या हितंच हाय," चिमाजी म्हणाला.

हैबतीआबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाज तर चिमाचा हाय," ते संशयाने म्हणाले. "मग खाचरात कोन हाय?"

चिमाजीने बायकोकडे बघितलं. अंबूबाईने पदराला हात पुसायला सुरुवात केली. हात कोरडेच होते.

"भिजत घातलाय म्हनलीस."

"भिजत घातला तर वल्लाच घालून हिंडला असता तुमी," ती म्हणाली. "पाखरं लई पडत्यात भातावर. बुजगावन्याला कायबी न्हवतं घालाया. दिला घालून सकाळी."

चिमाजीचं रस्त्याकडेचं खाचर. इंद्रायणी भात पिवळं होऊन वाकलेलं, आणि मधोमध उभं केलेलं बुजगावणं. चिमाजीला रागही आला असता, पण त्याआधी त्याचा हात छातीवरच्या चोरखिशाकडे गेला. तिथे इस्त्री होती. मोबाईल नव्हता.

"अंबू, चोरखिशात फोन हाय."

"अगं बया. म्हनून ते जड लागत हुतं व्हय."

आता खरी पंचाईत झाली. रखमाजीने चिमाजीला कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. मुलगी बघायचा कार्यक्रम भोरला चिमाजीच्या बहिणीकडे झाला, तेव्हा चिमाजी नेमका तापाने घरी पडला होता. सोयरीक जुळवली ती चिमाजीच्या भाच्याने, संपतने. तो वेल्ह्याहून पेढे घेऊन मागून येणार होता. त्याने रखमाजीला मोबाईलवर मामाचा लांबून काढलेला, चेहऱ्यापेक्षा सदराच जास्त दिसणारा फोटो पाठवला होता आणि खूण सांगितली होती: पासली गावाच्या अलीकडे रस्त्यालगत चार खिशांचा खाकी सदरा दिसला की गाडी थांबवा. नाही दिसला तर फोन लावा. मामा त्या सदऱ्याशिवाय आणि फोनशिवाय कुठे जात नाही.

चिमाजी निघाला. "खाचरात उतरू नका त्या कापडांनी," अंबूबाई मागून ओरडली. "वल हाय अजून!"

रस्त्यावर येतो तो समोर एक जीप उभी. आत मागच्या बाजूला एक बाई आणि स्टिअरिंगवर एक तरुण बसलेला. आणि जीपपुढे एक जाडजूड गृहस्थ नव्या सफारीत येरझारा घालत होते. सफारी पोटावर इतका ताणलेला, की बटणं एकमेकांना धरून कशीबशी टिकली होती. पांढऱ्या कपड्यांतला माणूस बघताच ते लगबगीने पुढे आले.

"नमस्कार साहेब. तुमी ह्याच गावचे?"

"व्हय," चिमाजी म्हणाला. पुढचं वाक्य तो मनात जुळवू लागला.

"बरं झालं भेटला. म्या विंझरचा रखमाजी. मला एक सांगा, ह्यो चिमाजी मानूस कसा हाय?"

चिमाजीच्या मनातलं वाक्य सांडलं. "तसा... बरा हाय," तो म्हणाला.

"बरा? आवो, त्यो बघा हुबा. आमी त्याच्या दारी सोयरीक घेऊन आलो. म्या हितनं राम राम घातला. एकदा न्हाई, तीनदा. दगड तरी वळून बघंल. बरं, हात बघा त्याचे. दोन्ही आडवे. म्हंजे काय? येऊ नका, आल्या वाटंनं माघारी जावा. आसंच ना?"

"तसं नसंल," चिमाजी पुटपुटला.

"मंग कसं? बरं, ऐकू कमी येत आसंल म्हनून फोन लावला. आता पुन्ना लावतो, तुमीच ऐका." रखमाजीने फोन लावून कानाला धरला. खाचराच्या मधोमध, खाकी सदऱ्याच्या छातीत, कोंबडा खणखणीत आरवला. चिमाजीला साधी घंटी ऐकू जात नाही म्हणून स्वप्नालीनेच तो आवाज भरून दिला होता. "बघा. हितवर ऐकू येतोय. खिशात वाजतोय, आन गडी हात बी घालत न्हाई. ह्यो अपमान न्हाई तर काय? म्या पोराला सांगितलं, गाडी वळव. पोरगं तोंड पाडून बसलंय. हिला बी पोरगी लई आवडलीय. पन बापच असा, तर पुढं कसं निभंल?"

जीपमधल्या पोराने खरोखरच तोंड पाडलं होतं. चिमाजीने ते बघितलं आणि त्याला रात्रीची स्वप्नाली आठवली. आता 'तो मी' म्हणावं तर हा म्हणणार, मग इतका वेळ माझं ऐकत कसला उभा राहिलास? न म्हणावं तर जीप वळली. चिमाजीला उभ्या आयुष्यात एवढ्या घाईने काही ठरवावं लागलं नव्हतं.

"फोन ठिवू नका," तो म्हणाला. "वाजू द्या. चला, आपन जाऊन जाब इचारू त्याला."

"ह्ये बोलला," रखमाजी म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून मागे निघाले.

चिमाजी बांधावरून खाली उतरला. पहिल्याच पावलाला पांढरी पँट घोट्यापर्यंत मळली, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. भात बाजूला सारत दोघं पोचले. रखमाजीने बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. सदऱ्याच्या वर मडकं होतं. त्यावर चुन्याचे डोळे आणि कोळशाची मिशी. अंबूबाईने मिशी नवऱ्यापेक्षा जरा झोकदार काढली होती.

कोंबडा आरवतच होता. चिमाजीने चोरखिशात हात घातला, फोन काढला, बटण दाबलं. काय बोलावं ते सुचेना म्हणून त्याने सरळ फोनच कानाला लावला.

"राम राम, पावनं," तो म्हणाला. "म्या चिमाजी बोलतोय."

रखमाजीच्या कानाला लावलेल्या फोनमधून ते त्यांना ऐकू आलं आणि तीन हातांवरच्या माणसाकडूनही आलं.  त्यांनी एकदा मडक्याकडे बघितलं, एकदा चिमाजीकडे.

"राम राम," शेवटी ते फोनमध्येच म्हणाले आणि मग फोन बंद केला.

वाऱ्याने भात सळसळलं. चिमाजी मान खाली घालून, आता जीप वळणार, ह्या हिशेबाने चिखलाकडे बघत राहिला. रखमाजीने हात पुढे केला आणि बुजगावण्याची बाही दोन बोटांत धरून चोळली. मग उलटी करून शिवण बघितली.

"दुहेरी शिलाई. कुनी शिवला?"

"भोरच्या सावळारामनं. दोन सुया मोडल्या."

"मोडनारच." रखमाजीचा आवाज खाली आला. "माझ्याकडं बी हुता असाच. निळा. वीस वर्सं घातला. हिनं गेल्या शिमग्याला होळीत टाकला. लवकर पेटला बी न्हाई तो. म्या बघत हुतो." ते थोडं थांबले. "ह्यो सफारी तिनंच घातलाय मला. विंझरला श्वास आत घेतलाय, आजून सोडला न्हाई."

"सोडा हितं," चिमाजी म्हणाला. "कुनी बघत न्हाई."

रखमाजीने खालची दोन बटणं काढली आणि भाताच्या लोंब्या हलतील एवढा श्वास सोडला.

"खरं सांगू का पावनं? संपतनं तुमचा फोटो दावला, तवा म्या घर बिर काय इचारलंच न्हाई. म्हनलं, एवढी वर्सं एक कापाड टिकवनारा मानूस हाय, त्याच्या घरात मोडकंतोडकं सांधून नेत्यात. अशा घरची पोरगी यावी. आन मगाशी तुमाला पांढऱ्यात बघितलं, तर वाटलं, ह्यांना गाऱ्हानं सांगावं. सोयरीक करावी असं काय वाटलं न्हाई." मग बाही सोडून म्हणाले, "घाला त्यो. मला पोराच्या सासऱ्याला भेटायचंय."

चिमाजीने पांढरा शर्ट उतरवला आणि खाकी अंगात घातला. उन्हाने तो छान तापला होता. हात आपोआप खालच्या दोन खिशांत गेले आणि त्याला कितीतरी वेळाने नीट उभं राहता आलं. बुजगावणं उघडं पडलं होतं. "त्याला तसं कसं सोडायचं?" म्हणत रखमाजीने पांढरा शर्ट स्वतः त्याच्या अंगात घातला आणि कॉलरही नीट केली.

अंबूबाईने दारातून बघितलं. पुढे खाकी सदरा, गुडघ्यापर्यंत चिखल. मागे बटणं सोडलेला सफारी, तोही चिखलाचा. त्यांच्यामागे पाहुणी आणि हसू दाबणारा मुलगा. तिने दाराची चौकट धरली. स्वप्नालीने आतून डोकावून फक्त कपाळाला हात लावला.

पाहुणी, रखमाजीची सगुणाबाई, ओटीवर आली. तिने सदऱ्याकडे बघितलं, मग आपल्या नवऱ्याच्या उघड्या बटणांकडे, मग अंबूबाईकडे.

"तुमच्याकडं बी असलंच का?" तिने विचारलं.

"काय सांगू तुमाला," अंबूबाई म्हणाली, आणि दोघी जणी बोलत बोलत घर बघायला आत गेल्या. संपत पेढे घेऊन आला तेव्हा सुपारी फोडायची तारीखसुद्धा ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी रस्त्याने चालला होता. पुढे हैबतीआबा खाचरापाशी थांबलेले दिसले. त्यांनी काठी काखेत धरली, टोपी सारखी केली आणि दोन्ही हात जोडून पांढऱ्या शर्टाला नमस्कार केला. क्षणभर वाट बघून ते पुढे निघाले.

"आबा, कुनाला राम राम घातला?" चिमाजीने गाठून विचारलं.

"कोन तरी साहेब आलाय बाबा तुझ्या शेतात. मोजनीबिजनीला आला आसंल."

"घेतला का मंग त्यानं?"

"त्यो कशाला घेतोय," हैबतीआबा म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलेलं दिसलं नाही.